सोनगीरचं झाकणाचं भांडं

अठ्ठ्याऐंशी सालच्या सुमाराला जळगावात ज्याच्या त्याच्या घरी स्टील शिरलं होतं. पितळेचे हंडे मोडीत निघाले, तांब्याचे बंब माळ्यावर चढले, आणि ज्यांच्याकडे चिनीमातीच्या दोनचार बश्या होत्या त्यांनी त्या मांजराच्या दुधाला लावल्या. सुनंदाबाईंच्या घरी तर स्टीलचं एक अख्खं कपाट होतं. नवऱ्याचं, म्हणजे पितांबरभाऊंचं, पाइपांच्या सांध्यांचं दुकान होतं. शेतोशेती पाइप पडत होते, धंदा बरा चालला होता, आणि दर धनत्रयोदशीला घरात नाव घातलेला एक डबा तरी यायचाच. सुनंदाबाई रावेरकडच्या केळीवाल्या घरात वाढलेल्या, वय चव्वेचाळीस, अंगानं भरलेल्या, हसायला लागल्या की थांबणं त्यांच्या हातात नसायचं. त्या कपाटाचा त्यांना अभिमान होता. एप्रिलातल्या एका दुपारपर्यंत होता.

त्या दुपारी बेबाबाई आली. बेबाबाई धुळ्याकडची भांडीवाली. डोक्यावर स्टीलची पाटी आणि पाठीवर जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन ती निम्मं खानदेश तुडवायची. जुनी लुगडी, विजारी घ्यायच्या आणि त्या बदल्यात वाटी-पातेलं द्यायचं, हा तिचा धंदा. ओट्यावर बसून पाणी पिता पिता तिनं गाठोडं सैल केलं, तर लुगड्यांच्या घड्यांतून एक निळा काचेचा जग बाहेर आला. पोट फुगलेलं, मान आखूड, आणि कान असा की कुणी काचेच्या दोरीला पीळ घालून चिकटवलाय.

“हे कुठलं गं?” सुनंदाबाईंनी विचारलं.

“धुळ्याना एक वकीलना बंगला शे,” बेबाबाई म्हणाली. “म्हतारा मरी गया. पोरेस्नी बठ्ठं काढी टाकं. लुगडास्संगे हाई बी दिन्हं. मना काय कामनं? तुले पाहिजे ते ठेव.”

सुनंदाबाईंनी जग धुतला, पाण्यानं भरला आणि स्वयंपाकघरात खिडकीपाशी ठेवला. खिडकीतून ऊन येत होतं. ते जगातून गेलं आणि समोरच्या भिंतीवर, मिठाच्या बरणीवर, सुनंदाबाईंच्या हातावर निळं पाणी हलायला लागलं. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला, परत पुढे केला. शेजारीच गॅसवरचं दूध उतू गेलं. त्याचा वास बाहेर बेबाबाईला आला, पण त्यांना आला नाही.

त्यांनी कपाट उघडलं आणि स्टीलच्या चार वाट्या बेबाबाईच्या पाटीत टाकल्या.

बेबाबाई वाट्यांकडे बघत राहिली. “ताई, हाई तं उलटं व्हयनं! मी स्टील देस आन जुनं लेस. आते तू बी स्टील देस आन जुनं लेस. मंग मी काय करू?”

“तू हे स्टील घेऊन जा, आणि जिथं अशी काच दिसेल तिथं देऊन ये,” सुनंदाबाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते ऐकून त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. बेबाबाईही हसली. दोघी ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

तिथून जे सुरू झालं ते काही थांबेना. बेबाबाई दर पंधरा दिवसांनी यायची, आणि गाठोड्यात काय असेल या विचारानं सुनंदाबाईंना आदल्या रात्री झोप लागायची नाही. कधी सोनेरी काठाच्या दोन बश्या, कधी उंच दांडीचे पातळ पेले, तर कधी सहा छोट्या चिनी वाट्या. त्या वाट्या पायावर उभ्या होत्या आणि इतक्या लहान की त्यात काय ठेवायचं ते दोघींनाही उमगेना. सुनंदाबाई हळूहळू शिकल्या. पेल्याला नखानं टिचकी मारायची आणि आवाज किती वेळ टिकतो ते कान लावून ऐकायचं. बशी उन्हात धरून पलीकडून बोटांची सावली दिसते का ते बघायचं. बशी उलटी करून तळाचा शिक्का वाचायचा. सातवीपर्यंतच्या शिक्षणावर त्या मुकुट, सिंह आणि ‘इंग्लंड’ इतकं बरोबर लावायच्या. माल ठेवायचा कुठं, तर गव्हाच्या कोठीत, दिवाणाखाली, आणि केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळून थेट दुकानाच्या गोदामात. एकदा पितांबरभाऊंनी गिऱ्हाईकासाठी पाइपाच्या दोन इंची कोपरांची पेटी उघडली, आणि आत निघाली सरबताच्या पेल्यांची रांग.

“अगं, घरात माणसं आपण दोन,” ते त्या दिवशी जेवताना म्हणाले. “लेक नाशिकला. आणि बश्या किती?”

“चोपन्न,” सुनंदाबाई म्हणाल्या.

“मग आपण जेवतोय कशात?”

दोघं स्टीलच्याच ताटात जेवत होती. शेजारच्या पुष्पाबाई तर सरळ म्हणायच्या, “तुमचं स्टीलचं कपाट रिकामं होत चाललंय हो. नजर कुणाची लागली?”

श्रावण लागता लागता बेबाबाई सोनगीरची बातमी घेऊन आली. आल्या आल्या पाटीही न उतरवता म्हणाली, “ताई, सोनगीरले एक तांबटना घर शे. तठे एक झाकणनं भांडं पडेल शे. पांढरं, गुलाबना फुलं काढेल. दोनी बाजूले कान. मी घमेलं म्हनू, पन घमेलाले झाकण कसाले?”

सुनंदाबाई दुसऱ्याच दिवशी निघाल्या. जळगावहून धुळे, धुळ्याहून आग्रा रोडवरची गाडी, आणि किल्ल्याच्या पायथ्याला उतरून ठोक्यांच्या आवाजाच्या मागं मागं दोघी तांबट आळीत शिरल्या. छगनभाऊ तांबट अंगणात बसून हंड्याला ठोके देत होते. त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, दोघींना पाणी दिलं आणि मागच्या पडवीत नेलं.

भांडं होतं. बेबाबाईनं सांगितलं होतं त्याहून देखणं होतं. पोटावर गुलाबांची माळ, कानांना सोन्याची रेघ. झाकण शेजारीच भिंतीला टेकवून ठेवलेलं, आणि भांड्याच्या आत, गवताच्या गादीवर, एक तांबडी कोंबडी डोळे बारीक करून बसली होती.

“खुडूक शे,” वच्छलाबाई म्हणाल्या. “अंडास्वर बठेल शे. चार दिन व्हयनात. आते उठाडता येवाव नही.”

सुनंदाबाईंनी कोंबडीकडे पाहिलं. कोंबडीनं सुनंदाबाईंकडे पाहिलं आणि मान फुगवली.

“अजून किती दिवस?”

“सतरा-अठरा.”

बाहेर येऊन त्यांनी छगनभाऊंना पाच डब्यांचा सेट देऊ केला. छगनभाऊंच्या हातातला हातोडा थांबला. “बाई,” ते म्हणाले, “या स्टीलनी मना धंदा खादा. स्टील मना घरमा येवाव नही. फुकट बी नही.”

चार महिने ज्या नाण्यावर सुनंदाबाईंचं सगळं चाललं होतं ते या घरात खोटं ठरलं होतं. मग त्यांचं लक्ष अंगणातल्या हंड्याकडे गेलं. ठोक्यांनी तो नवा हंडा अंगभर चमकत होता. आपल्या घरी आता तांब्याचं एकही भांडं नाही, हे त्यांना तेव्हा आठवलं.

“भाऊ, हा हंडा विकायचाय का?”

छगनभाऊंनी डोळे वर केले. “इकाले तं बनाडस. पन आजकाल कोन लेस?”

“मी घेते. आणि पाणी भरायलाच घेते, माळ्यावर टाकायला नाही.”

छगनभाऊंचा चेहरा बघता बघता पालटला. त्यांनी हंडा उचलला, उन्हात फिरवून दाखवला, एक ठोका राहिला होता तो दिला. “मंग ते कोंबडीनं भांडं तसंच लई जा,” ते म्हणाले. “आजानी एक सायबना तंबूमा कल्हई कयी, तवय त्यानी बक्षीस दिन्हं. त्याले काय म्हनतस ते आमले तीन पिढ्या समजनं नही. पन कोंबडी उठू दे. पोस्टकार्ड टाकस.”

सुनंदाबाई रोज पोस्टमनची वाट बघू लागल्या. पितांबरभाऊ दुकानातून आले की पहिला प्रश्न हाच विचारायचे, “काय, बाळंत झाली का?” अठराव्या दिवशी कार्ड आलं. कुणाकडून तरी शुद्ध मराठीत लिहून घेतलं होतं: ‘कोंबडी उठली. अकरा पिल्ले. सर्व खुशाल. भांडे रिकामे आहे. आपण येणे.’

परतीच्या गाडीत सुनंदाबाईंच्या पायाशी हंडा होता आणि मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं भांडं. खड्डा आला की त्या ते छातीशी धरत होत्या. पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून पाहिलं, स्वतः उठून त्यांना खिडकीची जागा दिली आणि हळू आवाजात विचारलं, “किती महिन्यांचं?”

“शंभर वर्षांचं असेल,” सुनंदाबाई म्हणाल्या, आणि त्यांना जे हसू आलं ते पारोळ्यापर्यंत आवरेना. शेजारी बेबाबाई पदर तोंडात कोंबून बसली. कंडक्टर दोनदा येऊन बघून गेला.

घरी त्यांनी ते भांडं राखेनं धुतलं, चिंचेनं धुतलं, उकळत्या पाण्यानं धुतलं, सात वेळा धुतलं. पितांबरभाऊ दारात उभे राहून बघत होते. “एक सांगू? कोंबडीची गोष्ट आईला कळता कामा नये.”

त्यांची आई, धुरपदाबाई, गावी धाकट्या मुलाकडे असायची. सत्तरीची, कडक, माळकरी नाही पण अंड्याचं नाव घरात घेऊ न देणारी. सुनंदाबाईंनी शब्द दिला.

डिसेंबरात त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. पितांबरभाऊंनी विचारलं, “सोन्याचं काही करायचं का?” सोन्याचं गाव म्हणवणाऱ्या जळगावात राहून कुणी दुसरं काय विचारणार.

“नको,” सुनंदाबाई म्हणाल्या. या गोष्टीचा विचार त्या किती दिवस करत होत्या ते त्यांनाच ठाऊक. “मला पंगत पाहिजे. पंचवीस वर्षं मी शेवटच्या पंगतीत बसले, उरेल त्या ताटात. आता पहिली पंगत बायकांची. माझ्या बश्यांत. भरीत तुम्ही करायचं, वाढायचं तुम्ही, आणि आम्ही बसणार.”

पितांबरभाऊंनी थोडा वेळ डोकं खाजवलं. मग म्हणाले, “भरीत तर मी झकास करतो.” आणि ते खरं होतं. शेतातल्या भरीत पार्टीला त्यांच्याशिवाय कुणी वांगी ठेचायच्या बडजीला हात लावायचं नाही.

दिवस रविवारचा होता, थंडी छान पडली होती, गच्चीवर ऊन कोवळं होतं. पितांबरभाऊ आणि त्यांचा धाकटा भाऊ अभिमन सकाळपासून कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजत होते. पलीकडे गच्चीवरच सतरंज्या, त्यावर पांढऱ्या चादरी, आणि चादरींवर सुनंदाबाईंची काच. एकसारख्या दोन बश्या शोधून सापडल्या नसत्या. एकीवर पवनचक्की होती, एकीवर मोर होता, एकीवर कुठल्याशा परदेशी गावाचा पूल होता. दांडीच्या पेल्यांत उसाचा रस होता. निळ्या जगात मठ्ठा. केक ठेवायच्या उंच थाळीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांचा डोंगर. होडीच्या आकाराच्या भांड्यात भरतावर घ्यायचं कच्चं तेल. त्या सहा छोट्या पायाच्या वाट्यांत ठेचा. आणि मधोमध गुलाबांचं झाकणाचं भांडं, आत तवंग आलेली लालभडक शेवभाजी.

बायका आल्या आणि दारातच थबकल्या. पुष्पाबाईंनी चपला काढल्या, मग परत घातल्या, परत काढल्या. अभिमनची बायको कुंदाबाई बसली, पण पवनचक्कीच्या बशीला हात लावायला तयार होईना. धुरपदाबाई पिशवीतून आपलं पितळी ताट काढून बसल्या.

“मी काचीत नाही जेवत,” त्या म्हणाल्या. “कोन्या सायबानं त्यात काय खाल्लं असंल, मले काय माहीत?”

“बरं, आत्याबाई,” सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांना वाद घालायचा नव्हता.

बेबाबाई सगळ्यांत शेवटी आली, नवं लुगडं नेसून, आणि जिन्याशीच उभी राहिली. पुष्पाबाई सुनंदाबाईंच्या कानाशी पुटपुटल्या, “ही पण पंगतीत?”

सुनंदाबाई काही बोलायच्या आत धुरपदाबाईंनीच ऐकलं. “आमच्या गावात ती पंचवीस वरसं येऊ राह्यली,” त्या म्हणाल्या. “माह्या लुगड्याले कुठी ठिगळ व्हतं ते तिले माहीत. तुले माहीत हाये का? ये व बेबा, माह्याजवळ बस.”

वाढणं सुरू झालं. बेचाळीस वर्षांचा अभिमन, जो बैलाला एका हातानं धरायचा, तो हातात पेला घेऊन गुडघे वाकवून, श्वास रोखून चालत होता. पितांबरभाऊ भरीत वाढताना बशीला चमचा लागू नये म्हणून ते वरूनच सोडत होते. अर्धं चादरीवर पडत होतं. कुंदाबाई आपल्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, “अवो, मले अजून पुरी!” आणि तो धावत पुरी घेऊन आला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, आणि हे ती पहिल्यांदा पाहत होती. “अवो, मले ठेचा!” तो ठेचा घेऊन आला. “अवो, मले पानी!” आता तिला कशाचीच गरज नव्हती, पण सगळ्या जणी तिला जिन्नस सुचवू लागल्या. मीठ माग. लिंबू माग. मागे जिन्यात धाडकन आवाज झाला आणि सगळ्यांचे हात छातीवर गेले. पडली होती स्टीलची परात. मग तर गच्चीवर असा हशा उसळला की खालून जाणारा रिक्षावाला थांबून वर बघू लागला.

त्या हशातच अभिमन झाकणाचं भांडं उचलून धुरपदाबाईंना तिसऱ्यांदा शेवभाजी वाढू लागला, आणि बेबाबाई रसात रंगून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “ताई, त्या कोंबडीना बठ्ठा पिल्ला जगनात ना?”

हशा थांबला. पितांबरभाऊंनी डोळे मिटले.

“कोन्ती कोंबडी?” धुरपदाबाईंनी विचारलं.

सुनंदाबाईंनी हातातली पुरी खाली ठेवली. खोटं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण गच्चीवर ऊन होतं, मांडीवर मोराची बशी होती, आणि त्यांच्या पोटात सकाळपासून हसू साठलं होतं. खोटं काही बाहेर येईना. त्यांनी सगळं सांगितलं. तांबट, खुडूक कोंबडी, अठरा दिवस, पोस्टकार्ड.

धुरपदाबाईंनी आपल्या ताटातल्या लाल रश्श्याकडे पाहिलं. दोनदा खाऊन झाला होता, तिसऱ्यांदा वाढलेला होता.

“तू धुतलं?”

“सात वेळा, आत्याबाई.”

“किती पिल्लं?”

“अकरा.”

“समदी जगली?”

“कार्डात लिहिलंय, सर्व खुशाल.”

कुंदाबाईनं पुरी अर्ध्यात धरून ठेवली होती.

“अकरा लेकरं ज्या भांड्यात जगली,” धुरपदाबाई म्हणाल्या, “ते इटाळाचं कसं? वाढ रे अभिमन, तोंड काय पाह्यतं माह्यं!” आणि मग, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच, त्यांनी पितळी ताट बाजूला सरकवलं. “आन मले तो एका टांगेचा पेला दे. पाहू कसा लागते.”

त्यांनी रस प्यायला. पेला पुन्हा पुढे केला. दुसऱ्या पेल्यानंतर त्या बोलू लागल्या आणि त्यांचा आवाज नेहमीचा राहिला नाही. त्यांचं माहेर बोदवडचं. तिथं एका शेठच्या बैठकीत फळीवर अत्तराच्या बाटल्या होत्या, काचेच्या, कोरीव. नऊ वर्षांची असताना आईबरोबर धान्य निवडायला गेली, तिनं एका बाटलीला नुसतं बोट लावलं आणि आईनं तिथंच थोबाडीत दिली. “आजलोक कोनाले सांगतलं नाही,” त्या म्हणाल्या. “साठ वरसं झाले. त्या बाटल्या कुठी गेल्या असतीन?”

सुनंदाबाईंनी बेबाबाईकडे पाहिलं. बेबाबाई आधीच सुनंदाबाईंकडे पाहत होती.

मंगळवारच्या पॅसेंजरनं तिघी बोदवडला उतरल्या. शेठचं घर सापडलं, पण बैठकीत आता टीव्ही होता. घरच्या सूनबाई सुंदरबाई म्हणाल्या, वाटणीत सगळं गेलं, कुठल्या भावाकडे काय गेलं देव जाणे. धुरपदाबाईंनी मान हलवली. चहा पिऊन उठताना सुनंदाबाईंचं लक्ष खिडकीकडे गेलं. वाऱ्यानं आपटू नये म्हणून खिडकीच्या फळीखाली काहीतरी अडकवलं होतं. काचेचं, लिंबाएवढं, अंगभर पैलू पाडलेलं. अत्तराच्या बाटलीचं बूच.

“न्या की,” सुंदरबाई हसून म्हणाल्या. “मी तिथं लाकडाचा तुकडा लावीन.” सुनंदाबाईंनी स्टीलचा डबा पुढे केला, तर त्यांनी तोही आनंदानं घेतला.

धुरपदाबाईंनी बूच हातात घेतलं. सगळी बोटं त्यावरून फिरवली, एकेक करून, सावकाश. मग त्यांनी ते पदराच्या टोकाला घट्ट बांधलं आणि स्टेशनकडे अशा भराभर चालू लागल्या की सुनंदाबाईंना आणि बेबाबाईला मागून पळावं लागलं.

गाडीत गर्दी होती. धुरपदाबाई दोन अनोळखी बायकांच्या मधे जागा करून बसल्या, पदराची गाठ मुठीत धरली, आणि गाडी हलली तशी उजवीकडच्या बाईला म्हणाल्या, “काव माय, तुमच्या घरी बिनबुचाची एखांदी बाटली हाये का?”